अनइन्स्टॉल करायची घाई नको

तुमचं व्हॉट्सॲप अपडेट होत नाहीये, असं तुम्ही लिहिलंत आणि ते काढून टाकून नव्याने घ्या, असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय. थांबा जरा! अपडेट जुन्यावरच चढतं, गप्पा जागच्या जागी राहतात. काढून टाकलं की सगळी भिस्त बॅकअपवर.

हे मी करून बसलोय. आईच्या फोनवर 'जागा नाही' असं येत होतं, म्हणून ॲप उडवलं, परत घेतलं आणि मग कळलं की शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा. मावशीचे गणपतीतले व्हॉइस मेसेज गेले ते गेलेच. आई काही बोलली नाही, पण पुढचे दोन दिवस चहा मीच केला.

तेव्हा आधी सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन शेवटची तारीख बघा. अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगल खात्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीतच मोजतात. जीमेल आणि फोटोंनी ती जागा तुडुंब भरली असेल, तर नवा बॅकअप होणारच नाही. बॅकअपमधून व्हिडिओ वगळायची सोय आहे, ती वापरा. सुप्रभातचे व्हिडिओ कुणाला जपायचेत! शिवाय फोनमधलं व्हॉट्सॲपचं 'डेटाबेसेस' फोल्डर (गप्पांची फोनमधली प्रत यात असते) संगणकावर कॉपी करून ठेवलेलं बरं. बॅकअपला पासवर्ड लावला असेल (२०२१ पासून लावता येतो), तर तो आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. विसरलात तर कंपनीलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही.

तुमचा फोन अँड्रॉइडच आहे ना? आणि अपडेट करताना नेमका काय संदेश येतो?