विषय: आईची भाकरी लांबट दिसायलीय, उद्या संध्याकाळच्या आत पाहिजे

प्रेषक: अंबाजोगाईकर
सोमवार, सकाळी 7:40 (इथले)

मंडळी,

शुक्रवारी घरी पोचलो. अमेरिकेत आपल्या मंडळात आईनं भाकरी करून दाखवली, त्या व्हिडिओचा कॅमेरावाल्या काकांनी दिलेला पेन ड्राइव्ह काल रात्री लावला. नानांच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरला पुढून यूएसबी आहे, तिथं. चालला, पण सगळे रुंद. मी रुंद आहे ते सोडा, लातूरच्या ताई पण रुंद दिसायल्यात. आणि भाकरी आडवी लांबट. आईनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "ही माझी भाकरी नव्हं. अशी मी परकरात असताना थापत होते."

अडचण अशी की गल्लीतल्या बारा-पंधरा बायकांना तिनं उद्या संध्याकाळी सहाला बोलवून ठेवलंय, अमेरिकेत भाकरी कशी केली ते दाखवायला. आता म्हणायलीय, नीट होत नसेल तर दाखवूच नको, मी त्यांना ताप आलाय म्हणून सांगते.

रिमोटवर झूम दाबून बघितलं. लांबट भाकरी मोठी लांबट झाली. दुपारी लाइट जाते, तेव्हा लवकर सांगा.

---

प्रेषक: कॅमेरावाला

फाइलमध्ये दोष नाही. व्हीएलसीमध्ये माझ्या लॅपटॉपवर दहा वेळा बघितलीय, एकदम बरोबर दिसते. रुंद पडद्याची, म्हणजे 16:9 ची खूण मी स्वतः घातलीय. तुमच्या तिकडच्या प्लेयरची टीव्ही-पद्धत पाल, इथल्या सगळ्याची एनटीएससी, तिकडं नेल्यावर असं होणारच. हे मी समितीला तेव्हाच बोललो होतो. गणपतीच्या नाटकाच्या वेळीही आधी माझ्याच नावानं खडे फोडले, नंतर काय निघालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

प्रेषक: नांदेडकर

काका, पाल-एनटीएससीनं माणूस रुंद होत नसतो. पालमध्ये 576 रेघा, सेकंदाला 25 चित्रं. एनटीएससीत 480 रेघा, साधारण 30 चित्रं. टीव्हीला झेपलं नाही तर चित्र वर पळतं, नाहीतर रंग जाऊन काळंपांढरं होतं. भाकरीला ते हात लावत नाही. शिवाय तिकडचे प्लेयर बहुतेक दोन्ही चालवतात. नाटकाचं मधी आणू नका.

अंबाजोगाईकर, चित्र तीन ठिकाणी ताणलं जाऊ शकतं. फाइलमध्ये, प्लेयरमध्ये आणि टीव्हीत. कुठं ताणलंय ते अंदाजानं सांगत बसलो तर मंगळवार उलटंल. एक कर. भाकरी वरून पूर्ण दिसते तिथं पॉज दे आणि शिवणाची टेप लाव. आडवी किती, उभी किती, तेवढं कळव. भाकरी गोल होती असं गृहीत धरूलालो.

आणि वायर कोणती? पिवळी-लाल-पांढरी असणार.

---

प्रेषक: लातूरची ताई

"गृहीत" काय? मी शेजारी उभी होते. आजींनी काठवट नाही म्हणून आपल्या स्टीलच्या परातीत थापली, तीही त्या पाकिटातल्या पिठाची, तरी काठ कुठं फाटला नाही. इथं किती जणांना येते तशी? प्रात्यक्षिक स्वयंपाक समितीनं ठेवलं होतं, ज्यांना भाकरीबद्दल शंका असेल त्यांनी आधी माझ्याशी बोलावं.

---

प्रेषक: परभणीकर

ताई, पिठाचा विषय निघालाच आहे म्हणून. त्या दिवशी पहिल्या दोन भाकरी मोडल्या, ते व्हिडिओतून कापलंय. दोष आजींचा नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतोच, उकळत्या पाण्यानं पीठ थोडं शिजतं तेव्हा ते धरतं. पाकिटातलं पीठ जुनं असलं की तेवढंही धरत नाही. आपल्याकडं दळून आणलं की आठवड्यात संपवतात, इथं दुकानात ते किती महिने पडून असतं देव जाणे. मी मागंच म्हणालो होतो, अख्खी ज्वारी आणा, माझ्याकडं घरगुती चक्की आहे. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीची वाणं काढली, आणि आपण पाकीट फोडायलोय.

---

प्रेषक: लातूरची ताई

चक्कीचं मागच्या हुरड्याच्या वेळी पण ऐकलं होतं. आली का?

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

हुरड्याचा विषय कृपया नको. त्याचा हिशोब सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला आहे.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर
सोमवार, सकाळी 9:05

वायर पिवळी-लाल-पांढरीच आहे. टीव्ही 32 इंची, भिंतीवरचा. मोजलं. टेप आईनंच धरली, माझ्या हातात दिली नाही. स्टुलावर चढून, चष्मा लावून, पडद्याला बोट न लावता. आडवी 18 सेंटिमीटर, उभी 16. वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या पण आहेत, त्या काल दिसल्या नव्हत्या. आई विचारायलीय, नांदेडचा तो कोण आहे, त्याला म्हणावं गृहीत कशाला धरतो, आपल्या घरी येऊन खा.

---

प्रेषक: धाराशिवकर

एवढं कशाला? टीव्हीलाच पेन ड्राइव्ह लावा की सरळ.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर

लावला. त्यात फक्त फोटो उघडतात.

---

प्रेषक: नांदेडकर

18 भागिले 16, म्हणजे 1.125. हे गमतीचं आहे. नुसता टीव्ही ताणत असता, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचं 4:3 चं चित्र 16:9 च्या पडद्यावर पसरलं असतं, तर 1.33 आलं असतं. 16 उभीला 21 च्या वर आडवी. तेवढी नाही. म्हणजे एकानं रुंद केलंय आणि दुसऱ्यानं अरुंद, दोन चुका एकमेकींना खाऊलाल्यात. त्यामुळं एक दुरुस्त केली की दुसरी उघडी पडणार, घाबरू नको.

आधी प्लेयर. पेन ड्राइव्ह काढ, चालू असताना बऱ्याच प्लेयरचा तो मेनू उघडत नाही. सेटअपमध्ये टीव्ही टाइप किंवा टीव्ही शेप असं असतं. त्यात तीन असतात: 4:3 पीएस (बाजू कापतं), 4:3 एलबी (वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतं), 16:9. तुझ्याकडं एलबी असणार, म्हणून त्या पट्ट्या. नानांनी जुन्या डब्याच्या टीव्हीला लावला होता तेव्हापासून कुणी हात लावला नसेल. पिवळ्या वायरीतून नुसतं चित्र जातं, प्लेयर कोणत्या आकाराचा पाठवायलाय ते टीव्हीला सहसा कळत नाही. तो आपला पडदा भरून मोकळा होतो. 16:9 कर आणि परत मोज.

---

प्रेषक: कॅमेरावाला

म्हणजे दोष प्लेयरमध्येच होता. मी तेच म्हणत होतो.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर
सोमवार, सकाळी 9:50

एलबीच होतं. 16:9 केलं. आता भाकरी उभी झाली. आडवी 15, उभी 18. काळ्या पट्ट्या वर-खालच्या गेल्या, डाव्या-उजव्या बाजूला आल्या. सगळे बारीक आणि उंच. शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या असंच राहू दे, अमेरिकेत जाऊन केवढी वाळलीस. आई ऐकत नाही. तिचं म्हणणं, माझं काहीही दिसू दे, भाकरी गोल पाहिजे.

---

प्रेषक: नांदेडकर

बरोबर. 15 भागिले 18, म्हणजे 0.83 च्या आसपास. आता काकांची फाइल.

काकांचा कॅमेरा इथला डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओचा. तो रुंद चित्र घेतो, पण साठवतो 720 x 480 ठिपक्यांमध्येच. 720 ला 480 नं भागा, 1.5 येतं. दिसायला पाहिजे 16:9, म्हणजे 1.78. मग मधला फरक कुठं जातो? ठिपका चौकोनी नसतो, आडवा असतो. फाइलमध्ये एक खूण असते, "मला दाखवताना रुंद करा". काकांनी ती घातलीय, त्यांचं बरोबर आहे. व्हीएलसी ती वाचतं. नानांचा प्लेयर एव्हीआय प्रकारच्या या फाइलमधली ती खूण वाचत नाही, ठिपके चौकोनी धरून मोकळा होतो. 1.5 भागिले 1.78 करून बघा, 0.84 येतं. भाकरी तेच सांगूलालीय. टेप अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं होणारच.

---

प्रेषक: कॅमेरावाला

खूण दुरुस्त करायचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, फाइल परत बनवावी लागत नाही, दोन मिनिटांचं काम. पाठवू का?

---

प्रेषक: नांदेडकर

काका, खूण चुकलेलीच नाही. जो वाचतच नाही त्याच्यासाठी पाटी रंगवून काय उपयोग? ठिपकेच चौकोनी करून द्यावे लागतील.

---

प्रेषक: कॅमेरावाला

मला विचारलं असतं तर मी पेन ड्राइव्ह न देता नीट डीव्हीडी राइट करून दिली असती. डीव्हीडीच्या रचनेत 16:9 ची खूण असते आणि ती प्रत्येक प्लेयर पाळतो, त्यासाठीच तो बनलाय. समितीनं कोऱ्या डिस्कचे पैसे नाकारले.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

नाकारले नाहीत. पावती मागितली.

---

प्रेषक: धाराशिवकर

मला एक कळत नाही, थोडं लांबट दिसलं तर काय बिघडलं? तुमच्याच अंबाजोगाईत दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे, ती किती लांबलचक. तिला कुणी टेप लावतं का?

---

प्रेषक: लातूरची ताई

पासोडी लांबच असते. भाकरी गोलच असते. यात कळण्यासारखं काय आहे?

---

प्रेषक: अंबाजोगाईकर
सोमवार, सकाळी 11:15

कोऱ्या डिस्क गावात विचारल्या, मोबाइलवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी कंदिलाची काच मागितली. भाच्याकडं लॅपटॉप आहे. नेटवर एकानं फाइल बदलायला हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घे म्हणून लिहिलंय, ते उतरवलं, त्यात एव्हीआय कुठंच नाही. एमकेव्ही प्रकारची फाइल करून लावली, प्लेयर म्हणतो फाइल चालत नाही. दीड वाजता लाइट जाईल.

---

प्रेषक: नांदेडकर

इथं रात्रीचा पाऊण वाजलाय, हे सांगून झोपूलालो.

हँडब्रेकनं एव्हीआय देणं 2009 मध्येच सोडलं. एव्हिडेमक्स हे सॉफ्टवेअर घ्या. व्हिडिओला एक्सव्हिड, आवाजाला कॉपी, खाली एव्हीआय. फिल्टरमध्ये पहिल्यांदा डिइंटरलेस (रेघा जुळवणं), मग रिसाइज (आकार बदलणं). हा क्रम उलटा करू नका. डीव्हीचं चित्र एक-आड-एक रेघांत असतं. आजींचा हात भराभर फिरतो तिथं कंगवा ओढल्यासारख्या रेघा दिसत असतील बघ. आधी आकार बदलला तर त्या रेघा चित्रात कायमच्या मिसळतात, मग काहीही करा निघत नाहीत.

आकार 720 x 400. हिशेबानं 405 येतात, पण जुने प्लेयर सोळाच्या पाढ्यात खूश असतात आणि 405 सोळाच्या पाढ्यात नाही. पाच ओळींचा फरक भाकरीला कळणार नाही. रिसाइजच्या खिडकीत आकाराचं प्रमाण आपोआप धरायची खूण असते ती काढा, नाहीतर तो स्वतःच 480 वर नेऊन ठेवतो.

पूर्ण चाळीस मिनिटांची करू नका. जुन्या लॅपटॉपला वेळ लागेल आणि लाइट जाईल. आधी भाकरीची सहा मिनिटं कापून तेवढीच करा. प्लेयर 16:9 वरच राहू दे, परत एलबी करू नका.

---

प्रेषक: परभणीकर

सहा मिनिटं कापणारच असाल तर माझं ज्वारीवरचं बोलणं त्यात येतं का? ते साधारण चौदाव्या मिनिटाला आहे.

---

प्रेषक: लातूरची ताई

नाही येत.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर
मंगळवार, रात्री 9:20

झालं. काल लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत सहा मिनिटं निघाली, उरलेलं रात्री लाइट आल्यावर लावून ठेवलं. सकाळी चालवलं आणि आई टेप घेऊन तयारच. आडवी 18, उभी अठराला जरा कमी. मी म्हणालो ते सोळाच्या पाढ्यामुळं. ती म्हणाली, "तेवढी कमी-जास्त तर हातानंच होते, पाढा कशाला पाहिजे?"

संध्याकाळी बारा म्हणता वीस जणी आल्या. पोरं वेगळी. भाकरी तव्यावर पडते, आई पाण्याचा हात फिरवते, मग ती आचेवर टम्म फुगते, तेवढा भाग चारदा लावायला लावला. एकीनं विचारलं, चूल कुठाय? आई म्हणाली, तिथं काचेची आहे, पेटलेली दिसत नाही. मग काचेवर भाकरी कशी फुगली यावर अर्धा तास गेला, माझं उरलेलं व्हिडिओ कुणी बघितलंच नाही. परभणीकर, तुमचं चौदावं मिनिट लागलं तेव्हा चहा आला होता.

नांदेडकर, तुमच्यासाठी आई धपाटे बांधून देणार आहे. कस्टमचं काय असतं ते कुणी सांगा.

---

प्रेषक: कॅमेरावाला

आनंद झाला. 720 x 400 ची प्रत मलाही पाठवा, मूळ चित्रीकरण माझं आहे.

---

प्रेषक: लातूरची ताई

कस्टमला शिजवलेलं कोरडं चालतं बहुतेक, पण डिक्लेअर कर बाबा. आजींना विचार, पाकिटातल्या पिठाला पाणी किती घातलं होतं? मी लिहून घ्यायचं विसरले.

---

प्रेषक: परभणीकर

पाण्याचं मी सांगतो.

---

प्रेषक: कोषाध्यक्ष

पेन ड्राइव्ह मंडळाचा आहे. येताना आठवणीनं आणावा.