कोजागरीचे ग्रहण : पैठण आणि सेंट हेलेना

दूरच्या बेटावरून खंडग्रास चंद्रग्रहण अधिक मोठे दिसते का, असा प्रश्न काहींना पडतो. तसे होत नाही. पृथ्वीची सावली प्रत्यक्ष चंद्रावरच पडत असल्याने, ज्यांच्या आकाशात चंद्र असेल त्या सर्वांना ग्रहण एकाच क्षणी आणि तेवढेच दिसते.

28 ऑक्टोबर 2023 च्या कोजागरीला मध्यरात्रीनंतर 1 वाजून 5 मिनिटांनी खंडग्रास सुरू झाला, तेव्हा आम्ही पैठणला गच्चीवर होतो. आईने दुधाच्या पातेल्यात तुळशीचे पान टाकून वर परात झाकून ठेवली होती. (दूध शेवटी सकाळी चहाला गेले.) पावणेदोनच्या सुमारास, ग्रहणमध्याला, पश्चिमेकडे कललेल्या चंद्राच्या डाव्या कडेला व्यासाचा जेमतेम आठवा भाग धुरकट काळा झालेला दिसला.

दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर त्याच क्षणी रात्रीचे सव्वाआठ वाजले होते आणि चंद्र पूर्वेकडे बराच खाली होता, त्यामुळे आमच्या उलट दिशेला तोंड करून पाहणाऱ्या तिथल्या माणसाला तोच डाग उजव्या कडेला दिसला असणार. बेटाचा खरा लाभ म्हणजे दिव्यांचा उजेड नसलेले आकाश. मात्र पौर्णिमेच्या चंद्रासाठी त्याचीही फारशी गरज नसते, ढग नसले म्हणजे पुरते.