अ‍ॅम्लो बरी का टेल्मी? दवाखान्यात एक बीपी निघायलंय, घरी भलतंच

गोदाकाठ: आमच्या अप्पांना (वय ६४) मे महिन्यात बीपी निघालं, डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ दिली. त्या गोळीवर दवाखान्यात गेलं की १५८/९२, कधी १६०/९४ आणि घरच्या मशीनवर मात्र १३०/८० च्या आसपास. पण पाय सुजायले, संध्याकाळी चपलेचा वळ उठायचा, म्हणून डिसेंबरात बदलून टेल्मिसार्टन ४० दिली. चार आठवडे झाले, आता दवाखान्यात १४८/८८ अन् घरी १४०/८६. डॉक्टर म्हणायलेत नवी गोळी लागू पडली, अप्पा म्हणायलेत जुनीच बरी होती. मी मधी अडकलोय, कोणाचं धरावं?

बालाघाटी: मशीन मनगटाचं हाय का दंडाचं? मनगटाचं असंल तर त्याच्यावर भांडूच नका.

सिस्टर_अंबाजोगाई: दादा, दवाखान्यातलं दवाखान्याशी अन् घरचं घरच्याशीच लावून बघा. दोन्हीची हद्दच वेगळी, दवाखान्यात १४० / ९० तर घरी १३५ / ८५ लाच जास्त धरतात. अप्पांना डॉक्टर बघूनच बीपी चढतंय असं दिसतंय, असे पेशंट रोज येतात आमच्याकडं. पण मला खरा डाऊट घरच्या आकड्यांवर आहे. मे महिन्यातले किती वाजता घेतले होते? उन्हाळ्यात नसा सैलावतात, बीपी तसंही थोडं उतरतं आणि थंडीत वर जातं, मग गोळीचा दोष किती अन् हवेचा किती कसं कळणार? आणि अ‍ॅम्लो बंद केल्यावरबी आठवडाभर असर राहतो, टेल्मीचा पुरा असर यायला महिना लागतो, म्हणून मधले आकडे सोडूनच द्या.

गोदाकाठ: ताई बरोब्बर पकडलं. दंडाचंच मशीन हाय. तवा रात्री जेवण करून ओसरीवर निवांत बसल्यावर घ्यायचो, आता सकाळी सहाला, चहा झाला की लगेच. आणि खरं सांगू का, तंबाखूची चिमूट दाढेखाली असतीच 😅

सिस्टर_अंबाजोगाई: अरे देवा! आधी अर्धा तास चहा, तंबाखू काही नको. लघवीला जाऊन येऊ द्या, पाठ टेकून पाच मिनिटं गप बसवा, पाय जमिनीला, हात छातीच्या लेव्हलला, पट्टा उघड्या दंडावर (स्वेटरवरून नाही). सकाळी गोळीच्या आधी दोनदा अन् संध्याकाळी दोनदा, मधी एक मिनिट सोडून. सात दिवस करा, पहिला दिवस खोडा, उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. चांगला आकडा आला तोच लिहायचा असं करू नका, सगळे लिहा. आणि टेल्मी चालू हाय तर क्रिएटिनिन-पोटॅशियम (किडनी अन् क्षाराची रक्ततपासणी) केलंय का ते विचारा.

पूर्णेचा_पाव्हणा: माझ्या काकाला बीपीचीच रॅमिप्रिल गोळी होती, तिच्यानं दोन महिने कोरडा खोकला, आम्ही कफ सिरपच पाजत बसलो. गोळी सोसते का नाही हेबी बघा, नुसता आकडा काय करायचाय. पण आपल्या मनानं बंद करू नका.

गोदाकाठ: आठ दिवसांनी लिहायलोय. सरासरी १३२/८१ आली, सकाळचे आकडे थोडे जास्त, रात्रीचे कमी. पायाची सूज गेली. अ‍ॅम्लोशी तुलना काय होईना, तवाचं नीट लिहिलंच नव्हतं. सोमवारी वही अन् मशीन दोन्ही घेऊन जायलोय, डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघतो. अप्पा म्हणायलेत, आकडा बरा आलाय तर आता तंबाखू खाऊ द्या.