प्रतिसाद : ‘सुई, सलाईन आणि पुढे पाठवणं’ एवढंच नाही
वर एकांनी म्हटलंय की खेड्यातला डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा, सलाईन लावणारा आणि अवघड दिसलं की शहरात पाठवणारा. मला हे अजिबात पटत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. कोकणात लाल विंचू चावला की दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. धडधाकट माणसं, लहान मुलं बघता बघता जायची. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. हे काम जिथे विंचू चावतो तिथेच होणार होतं. मोठ्या शहरात रुग्ण पोचायचा तरी कधी?

बाकी सुईचं म्हणाल, तर ‘एवढ्या तापाला नुसत्या गोळ्या?’ असं विचारणारे आपणच असतो. अत्यवस्थ रुग्णाला पाठवावं तर वाटेत दगावण्याची भीती, ठेवून घ्यावं तर नातेवाईक अंगावर येण्याची. सल्ला विचारायला शेजारी दुसरा डॉक्टर नाही. बाँडचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपताच निघून जाणाऱ्या तरुण डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी क्वार्टरला पाणी येतं का, आणि रजा घेतली तर त्यांच्या जागी कोण येतं, हे ग्रामसभेत विचारा.