प्रति: समलिंगी नात्यावरचं नाटक लिहितोय, प्रेक्षक मिळेल का?

वर एकांनी म्हटलंय की 'मराठी प्रेक्षक अजून तयार नाही'. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं, विनय आपटे दिग्दर्शक, रोहिणी हट्टंगडी 'मित्रा' नावाच्या समलिंगी तरुणीच्या भूमिकेत. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुरतं जिवंत होतं. त्यामुळे तयारीचा मुद्दा मला फारसा पटत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ती मित्रा शेवटी आत्महत्या करते, आणि तिची कहाणी आपल्याला सांगतो तो तिचा मित्र बापू. म्हणजे निवेदन बाहेरच्याचं. चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'मध्येही बोलते ती आई, मुलगा समलिंगी आहे हे कळलेली. एकपात्री म्हणून ते जबरदस्तच, पण मुलगा आणि त्याचा जोडीदार समोर येत नाहीत. तुमच्या नाटकात दोघं पुरुष एका घरात राहतात, लाइटबिलावरून भांडतात, हे वाचूनच बरं वाटलं. कृपा करून तिसऱ्या अंकात कुणाला मारू नका! आणि घरच्यांना कळण्याचा प्रसंग मध्यंतराआधीच उरका, तो आता सगळ्यांना पाठ आहे.

बाकी व्यवहाराचं: आधी दोन-तीन अभिवाचनं करा. दोन पात्रं, एक खोली असेल तर पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा पुरते. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) द्यावी लागते, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. अभिवाचन मुंबईत असेल तर इथेच तारीख टाका.