दुगारवाडीची उतरण: तुमचे अनुभव लिहा

आवणी उरकत आली की नाशिकच्या गाड्या त्र्यंबक रस्त्याला लागतात. सोमेश्वरच्या धबधब्याला काय, भजी खात खात पाणी बघता येतं. दुगारवाडीच्या धबधब्याचं तसं नाही. त्र्यंबकेश्वर मागे टाकून जव्हार रस्त्याने सापगावकडे जायचं, गाडी लावून पठारावरून चालायचं, ओहोळ ओलांडायचा आणि झाडीतून दरीत उतरायचं. गडावर आधी चढ असतो, दम लागला तर माणूस परत फिरतो. इथे उतार आधी आणि चढ नंतर, म्हणून फसगत होते. फोटो सगळ्यांकडे आहेत, ते नकोत. वाट कशी होती ते लिहा.

---

सिडकोतून आम्ही कॉलेजची पोरं गेलो होतो. वरचा टप्पा मुरमाड, घसाऱ्याचा. खाली झाडीत मुळं आणि ओले दगड. मुळांना धरूनच उतरलो. धबधब्याचा आवाज लवकर येतो, त्यामुळे प्रत्येक वळणावर वाटतं की आलंच आता. येत नाही! दिसला तेव्हा तुषारांनीच भिजलो, जवळ जायची गरजच पडली नाही. जुने स्पोर्ट्स शूज घातलेला मित्र मात्र अर्धी वाट बसूनच उतरला.

---

माझी साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात. उतरताना तिरकं पाऊल टाकायचं आणि काठी आधी खालच्या दगडावर टेकवायची, एवढं सांभाळलं. लेक-सून पुढे गेले तरी मी घाई केली नाही. चढताना मात्र सूनबाई दर वळणाला थांबत होती, आणि म्हणे "आई, तुमच्यासाठी थांबलेय"!

---

काकू, काठी तिथे मिळते का?

---

घरूनच नेली होती रे, पडद्याच्या दांड्याची.

---

मी त्र्यंबक तालुक्यातलाच. वाटेचं सगळे लिहितात, ओहोळाचं कोणी लिहीत नाही. आपला सगळा कातळ, पाणी मुरत नाही, पडलं की पळतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या डोंगरात कोसळून गेलेला असतो, ते पाणी मागाहून येतं. जाताना घोट्याएवढा असलेला ओहोळ परतताना मांडीपर्यंत भेटू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या की फोटो सोडून अलीकडे या. तोवर जोर वाढला असेल तर ओलांडायचं धाडस नको, पलीकडेच उंचावर बसून राहा आणि ११२ लावा. तिथे रेंजचा भरवसा नाही, म्हणून निघण्यापूर्वीच घरी सांगून ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये असंच पाणी वाढलं, वीसेक पर्यटक पलीकडे अडकले. बाकीच्यांना काढता आलं, एकाचा जीव गेला. आम्ही शेतावर जातो तेव्हाही आधी पाण्याचा रंग बघतो.

---

दादांशी शंभर टक्के सहमत. पण रविवारी रंग बघायला ओहोळ दिसला तर ना! स्पीकर काय, डिस्पोजेबल ताटं काय, डोहात उड्या काय. दगड खाली कुठे आहे ते वरून कळत नाही. मधल्या वारी जा, सकाळीच.

---

माझं मत वेगळं. भर पावसात जाऊच नये. सप्टेंबर सरता सरता पाणी पुरेसं असतं, वाट धरते, रानफुलंही असतात. त्या दिवसांत शेजारच्या अंजनेरीलाही जाऊन या. तिथलं कंदीलपुष्प त्या डोंगराच्याच नावाने ओळखलं जातं. बघा, पण तोडू नका.

---

गाडी नाही. एसटीने जमेल का?

---

त्र्यंबकपर्यंत भरपूर गाड्या आहेत. पुढे जव्हारकडे जाणारी धरावी लागते, फाट्यावरून पायपीट वेगळीच. उतरतानाच परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवा, आणि ती गाठायच्या घाईत चढ चढू नका.