दारूचं वय २५ : उंदरांची साक्ष काढावी का?

खारीचा_वाटा: महाराष्ट्रात दारूला २५, बिअरला २१, सीमा ओलांडली की गोव्यात १८. माझं मत : पोरवयात दारू लांबच बरी, आणि त्याला प्रयोगशाळेतले उंदीर दुजोरा देतात. उंदराला गोड पाणी पाजायचं आणि लगेच दारू टोचायची. प्रौढ उंदीर पुन्हा त्या पाण्याला तोंड लावायला कचरतो. पौगंडातला, म्हणजे साधारण २८ ते ४२ दिवसांचा, तेवढ्याच डोसनंतर मजेत पीत राहतो. त्याला झोपही कमी येते, तोलही कमी जातो. दारू त्याला जास्त गोड लागते की नाही ते सोडा, तिचा दणका कमी बसतो. म्हणून तो थांबत नाही.

रोखठोक_नाना: टोचलेली दारू आणि स्वतःहून प्यायलेली दारू एक कशी? दारू आवडते का ते बघायचा दुसरा प्रयोग असतो, दोन कप्प्यांच्या डब्याचा; त्याचंही तेच. एका कप्प्यात दारू टोचून ठेवायचं, दुसऱ्यात नुसतं सलाइन, आणि शेवटी काहीच न टोचता उंदीर कुठे रेंगाळतो ते घड्याळ लावून मोजायचं. प्रौढ उंदीर बऱ्याचदा दारूचा कप्पा टाळतात. डोस बदला, उंदराची जात बदला, निकाल फिरतो. आणि ४२ दिवसांचा उंदीर म्हणजे आपला शाळकरी पोरगा. पंचविशीतला माणूस एखाद्या पोराचा बाप असतो हो!

सुगरण_पक्षी: नाना, डब्याबद्दल सहमत, पण कारण वेगळं. पोरं एकटी पितात का? ओळखीच्या जागी जोडीदार दिला तर थोड्या दारूवर पौगंडातले उंदीर जास्त खेळतात, प्रौढांत हे सहसा दिसत नाही. एकट्याला डब्यात कोंडून त्याची मजा मोजणार कशी?

रोखठोक_नाना: म्हणजे माझाच मुद्दा : उंदरांवरून माणसांचं वय ठरत नाही. अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने राज्यांना २१ वर आणलं, ते तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू बघून. तसा आपल्याकडचा हिशोब मांडा, मी २५ ला हात वर करतो.

खारीचा_वाटा: २५ उंदरांतून निघतो असं मी कुठे म्हटलं? मी १८ ला विरोध करतोय. 'पोरगा चार पेग पचवतो, काही होत नाही त्याला' असं कौतुकाने सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. काही होत नाही, हीच तर भानगड आहे.

रोखठोक_नाना: काकांवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.